कुत्र्याला भाकरी पुरते का?

इन्स्टावर सध्या रील फिरतायत, कुत्र्याला व्हेगन करा, आयुष्य वाढेल. आता आपल्या साक्रीकडं बघा. ठेलारींच्या मेंढरांमागं चालणारी कुत्री भाकरीवरच पोसली जातात, त्यांना कुणी व्हेगन म्हणत नाही. (रानात ससा दिसला तर तीही सोडत नाहीत म्हणा!)

भाकरी पचते ते का? २०१३ साली ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या उष्ट्यावर राहून पोटच बदललं.

पण पचणं वेगळं, पुरणं वेगळं. नुसत्या भाकरीत प्रथिनं कमी पडतात आणि बी१२ तर नाहीच. २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये अडीच हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात व्हेगन कुत्री बरी दिसली खरी, पण माहिती मालकांनीच दिलेली. तेवढ्यावर मी तरी मटण बंद करणार नाही.

आपल्याकडं खरा धोका रश्शाचा. भाकरीवर उरलेला रस्सा ओततो ना आपण? त्यातल्या कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, शिजवलेल्यानंसुद्धा. हिरड्या फिक्या, लघवी तपकिरी दिसली तर थेट जनावरांचा डॉक्टर गाठा. त्यापेक्षा कळण्याची भाकर साध्या, बिनफोडणीच्या वरणात कुस्करा, सोबत उकडलेलं अंडं द्या. पूर्ण शाकाहारीच ठेवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून पूरक औषधं लागतील. पिल्लांवर आणि गाभण कुत्रीवर हा प्रयोग नको. मांजरावर तर अजिबातच नको.