नंबरावरून माणूस सापडतो का?



बचत गटाच्या बैठकीत हिशेब मिटला, चहा आला, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कुणीतरी फोन पुढं करते आणि हळूच विचारते, "बाई, याच्यात नंबर टाकला का माणूस कुठी हाये ते दिसते म्हंते. खरं हाये का वो?" विचारणारीचं पोट्टं पुण्यात कंपनीत असतं आणि कालपासून फोन उचलत नसतं. एखादीचा नवरा ट्रकवर असतो. एखादीचा फोनच अकोल्याच्या बसस्टँडवर गर्दीत गेलेला असतो. आणि एखादी काहीच कारण सांगत नाही, नुसतीच विचारते. तिच्याकडं मी नंतर येणार आहे.

उत्तर आधी देऊन टाकते. नुसता मोबाईल नंबर टाकून, किंवा इन्स्टाग्राम-फेसबुकवरचं नाव टाकून, तो माणूस आत्ता कुठं आहे हे दाखवणारं ॲप बाजारात नाही. फुकटातलं नाही आणि पैसे भरून घ्यायचंही नाही. जे तसं म्हणतं ते खोटं बोलतं.

का नाही, तेही ऐकून घ्या. म्हणजे उद्या नव्या नावाचं ॲप आलं तरी कुणाला विचारायची गरज पडणार नाही. आपला समज असा असतो की जीपीएस म्हणजे वरून उपग्रह आपल्याला पाहतो. तसं नाही. मी इथं माईकपुढं बोलते आहे. तुम्ही चुलीपुढं बसून ऐकता की तुरीच्या वावरात, ते मला इथून कळत नाही. रेडिओ नुसता बोलतो. जीपीएसचा उपग्रहही तसाच नुसता बोलतो. ते ऐकून, गणित करून आपण कुठं आहोत हे फोन स्वतः ठरवतो. म्हणजे ती माहिती त्या फोनच्या पोटात असते. ती बाहेर यायची तर त्या फोनवर कुणीतरी परवानगी दिलेली पाहिजे.

थोडी माहिती सिमकार्डाच्या कंपनीकडंही असते. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरच्या संपर्कात असतो, त्यावरून कंपनीला अंदाज येतो. अमरावतीत राजकमल चौकाजवळ टॉवर दाट, तिथं अंदाज बऱ्यापैकी नेमका. चिखलदऱ्याच्या पुढं मेळघाटात टॉवर विरळ, तिथं हाच अंदाज कित्येक किलोमीटरचा होतो. ही माहिती कंपनी पोलिसांना देते, तीही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या रीतसर मागणीवरून. कुणाला किती फोन केले, कुठल्या टॉवरवरून केले, त्या यादीला सीडीआर म्हणतात. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी अशा याद्या बेकायदा मिळवून विकणाऱ्या टोळीला पकडलं होतं, त्यात खासगी गुप्तहेर होते. विचार करा, ज्या माहितीसाठी माणसं तुरुंगाची हवा खातात, ती एखादं ॲप ४९ रुपयांत उघड्यावर कसं विकेल?

मग ही ॲपं दाखवतात तरी काय? तो नंबर मुळात कुठल्या विभागात दिला गेला, तेवढं. दूरसंचारच्या नकाशात मुंबई वेगळी आणि 'महाराष्ट्र आणि गोवा' हा एक मोठा विभाग. म्हणजे अचलपूरच्या नंबरालाही तेच उत्तर आणि पणजीच्याही. त्यातही २०१५ च्या जुलैपासून आपला नंबर न बदलता देशात कुठल्याही राज्यात नेता येतो, म्हणून तेवढंही खात्रीचं राहिलं नाही. ट्रूकॉलरवर नाव दिसतं ते मुख्यतः लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे नाव ठेवलं त्यावरून. म्हणून तर कुणाचं नाव 'दूधवाला' येतं आणि कुणाचं 'गॅस वाले काका'.

आता फसवणूक कशी होते ते पाहा. नंबर टाकला की पडद्यावर पृथ्वी फिरू लागते. 'उपग्रहाशी जोडत आहे' असं लिहून येतं. मग नकाशा दिसतो, पण अंधुक, धुक्यातल्यासारखा. स्पष्ट पाहायचा तर थोडे पैसे भरा. हे सगळं नाटक आहे. मनानं दहा आकडे रचून टाकले तरी पृथ्वी तशीच फिरते आणि नकाशा तसाच अंधुक दिसतो. आपण म्हणतो, जाऊ द्या, पन्नास रुपये तर आहेत. पण पिन टाकताना वरची ओळ कुणी वाचत नाही. कधी ते पैसे एकदाच द्यायचे नसतात, दर महिन्याला आपोआप कापून घ्यायची मंजुरी असते. यूपीआयमध्ये त्याला ऑटोपे म्हणतात. आपल्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते. आज जेवण झाल्यावर ती उघडून पाहा आणि ओळखीचं नसेल ते बंद करा.

पैसे गेले तर निदान कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे फोन दुसऱ्याच्या हातात जाणं. प्ले स्टोअरवर न मिळणारी, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून फाईल म्हणून येणारी जी ॲपं असतात, त्यांच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. 'लोकेशन पाहायचं ॲप' म्हणून येणारी फाईलही याच जातीची. ती मेसेज वाचायची परवानगी मागते आणि आपण काळजीच्या भरात 'हो, हो' दाबत जातो. मेसेज वाचता आले की बँकेचा ओटीपीही वाचता येतो.

आणि ते 'हॅकर भाऊ'. इन्स्टाग्रामवर मेसेज येतो, दोन हजार पाठवा, कुणाचंही लोकेशन काढून देतो. दोन हजार पाठवले की पाच मागतात. नाही म्हटलं की सूर बदलतो, 'तुम्ही कोणावर नजर ठेवत होता ते घरी सांगू का?' बाई घाबरते आणि पुन्हा पैसे पाठवते. पाठवू नका. धमकीचा मेसेज पुसूही नका, तो पुरावा आहे.

सोशल मीडियावर काहीच दिसत नाही का? दिसतं, पण ज्यानं स्वतः दाखवायचं ठरवलं त्याचंच. स्नॅपचॅटवर २०१७ पासून नकाशा आहे, त्यात मित्र कुठं आहेत ते दिसतं. आपली पोरं तो चालू ठेवतात आणि मग ओळख ना पाळख अशा शंभर 'मित्रांना' घर कुठं, क्लास कुठं, सगळं दिसतं. त्यात 'घोस्ट मोड' म्हणून सोय आहे, ती लावली की आपण नकाशावरून गायब. पोरीला रागावण्यापेक्षा तिच्याकडूनच ते शिकून घ्या. तिला आपल्यापेक्षा लवकर जमतं.

खरी सोय हवी असेल तर ती साधी आणि फुकट आहे. मुलगी बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसली की तिनं व्हॉट्सॲपवरून लाईव्ह लोकेशन पाठवावं. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास, एवढ्याच मुदती त्यात आहेत. मुदत संपली की दिसणं बंद. रात्र लांबली तर तिनं परत पाठवायचं. मला यात आवडतं ते हे की पाठवणारीच्या हातात सगळं राहतं. गुगल मॅप्समधूनही असं पाठवता येतं.

आता त्या काहीच न सांगणाऱ्या ताईकडं येते. तिला बहुतेक कुणाला शोधायचं नसतं. कुणीतरी आपल्याला पाहतंय का, हे तिला विचारायचं असतं. माहेरी गेले ते त्यांना कसं कळलं? बाजारात किती वेळ थांबले ते कसं कळलं? आणि इथं मला 'सगळं खोटं असतं' म्हणून हात झटकता येत नाहीत. नंबरावरून माणूस सापडत नाही हे खरं. पण फोन पाच-दहा मिनिटं हातात मिळाला तर त्यात पाळत ठेवणारं ॲप घालता येतं, आणि अशी ॲपं चालतात.

खरं तर ॲपचीही गरज नसते. आपल्याकडं बाईचा फोन येतो कसा? दीर किंवा भाऊ दुकानातून आणतो, दुकानदार चालू करून देतो, 'जीमेल टाका' म्हटलं की त्यांतलाच कुणीतरी स्वतःचं टाकतो. वहिनीचं जीमेल कुठं आहे? झालं काम. पण गुगलची हरवलेला फोन शोधायची जी सोय आहे, ती त्या जीमेलवर चालते. ज्याचं जीमेल, त्याला तो फोन नकाशावर दिसू शकतो. दरवेळी कुणी वाईट हेतूनं केलेलं असतं असं नाही, पण दार मात्र उघडं राहतं. सेटिंग्जमध्ये 'गुगल' दाबा, वर कुणाचा ईमेल आहे ते वाचा. आपला नसेल तर आपला नवा काढून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' असं लिहिलेलं असतं, तेही उघडा. तिथं आपल्या माहितीत नसलेला संगणक किंवा फोन दिसला तर आपले मेसेज कुणीतरी तिकडं वाचतंय असं समजा.

मात्र एक सांभाळा. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर हे एकदम बंद करू नका. बंद झालेलं पाहणाऱ्याला कळतं आणि त्याचा राग आपल्यावर निघतो. आधी शेजारणीच्या फोनवरून, त्या फोनपासून लांब जाऊन, १८१ या महिला हेल्पलाईनला बोला. पुढचं पाऊल त्यानंतर.

बाईवर अशी पाळत ठेवणं गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७८ मध्ये बाईचा पाठलाग करण्याबरोबर ती इंटरनेट, ईमेल, मेसेज कसं वापरते यावर नजर ठेवणंही धरलं आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत. नवरा आहे म्हणून त्याला वेगळी सूट त्यात लिहिलेली नाही.

काही आया मला म्हणतात, पोरीच्या फोनात गुपचूप टाकून ठेवलं तर काय बिघडलं, आईच तर आहे. बिघडतं ते असं. पाळतीच्या ॲपनं गोळा केलेलं सगळं आधी त्या कंपनीकडं जाऊन साठतं. पोलंडमधल्या लेटमीस्पाय नावाच्या अशाच ॲपमध्ये जून २०२३ मध्ये चोर शिरले आणि हजारो माणसांचे मेसेज आणि ठावठिकाणे चोरीला गेले. कंपनीनं गाशा गुंडाळला. अमेरिकेत स्पायफोन नावाच्या कंपनीवर २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आयोगानं हा धंदा करायला बंदी घातली. पोरीचं सांभाळायला म्हणून तिचं सगळं परक्याच्या घरात नेऊन ठेवायचं, हे मला पटत नाही. तिला सांगून, तिच्यासमोर लाईव्ह लोकेशन लावा. नाही म्हणाली तर का नाही म्हणते ते ऐका.

फोन हरवला असेल तर सरकारचं संचार साथी संकेतस्थळ आहे, मे २०२३ पासून देशभर चालू. पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत आणि फोनचा आयएमईआय नंबर तिथं भरा. तो फोन बंद पाडता येतो आणि कुणी त्यात दुसरं सिम घातलं तर माग लागू शकतो. आयएमईआय म्हणजे फोनचा १५ आकडी नंबर. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पडद्यावर येतो. आजच वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो कुठून दाबणार? पैसे गेले असतील तर १९३० ला फोन, त्याच घडीला, पोरगा कामावरून यायची वाट न पाहता.

आणि माणूसच हरवला असेल तर ॲप उघडूच नका. ॲपच्या नादात दोन तास गेले तर तेवढ्या वेळात गाडी बडनेऱ्याहून अकोल्याच्याही पुढं जाते. सरळ ठाण्यात जा. 'चोवीस तास थांबा' असं कायद्यात कुठंही नाही. लेकरू १८ वर्षांच्या आतलं असेल तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. कुणी टाळायला लागलं तर हे वर्ष सांगा. ११२ लावा. जाताना अलीकडचा फोटो, तिचे सगळे नंबर, शेवटचा फोन किती वाजता झाला ते, कोणत्या मैत्रिणीकडं जाते ते, आणि फोनचं खोकं घेऊन जा. टॉवरची माहिती काढायची मागणी पोलिसांनाच करता येते, आणि त्या खोक्यावर तो १५ आकडी नंबर छापलेला असतो. खोकं आपण दिवाळीच्या साफसफाईत फेकून देतो. या वर्षी ते कपाटात वर ठेवा.