ड्रेसिंगचे अंतर



अध्यक्षीय भाषणासाठी मी मुद्दाम एक किरकोळ समजला जाणारा आजार निवडला आहे: पायलोनिडल सायनस. माकडहाडावरच्या घळीतला हा नासूर जीव घेत नाही. पण कोळशाचा ट्रक चालवणाऱ्याला सीटवर बसू देत नाही आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला घरी बसवतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, गडचिरोली परिसरात त्याची शस्त्रक्रिया ठरवताना, नंतरची जखम कोण, कुठे आणि किती दिवस बांधणार याचा विचार आधी व्हायला हवा.

हा आजार जन्मजात आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. जन्मतःची गाठ म्हटली की ती मुळासकट, हाडापर्यंत खणून काढणे ओघानेच आले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८० हजार अमेरिकी सैनिक या दुखण्याने रुग्णालयात गेले आणि १९४४ साली लुई ब्युई यांनी त्याला ‘जीपचा आजार’ म्हटले. १९४६ साली पेटी आणि स्कार्फ यांनी न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात असाच नासूर दाखवला, तेव्हा जन्मजात दोषाच्या कल्पनेला मोठा तडा गेला. पुढे ग्रीसच्या करिडाकिस यांनी सुटा केस कातडीत कसा शिरतो, ते मांडले. केसाच्या पृष्ठभागावर खवले असतात. कपड्यात अडकलेल्या कुसळासारखा तो एकाच दिशेने पुढे सरकतो, मागे येत नाही. घळीच्या अगदी मध्यरेषेवर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसतात, कधी त्यांतून केसांचा झुपका डोकावतो. म्हणजे दोष खोल, घामट घळीत आणि त्या छिद्रांत आहे. मग हाडापर्यंत खड्डा कशासाठी?

मोठी जखम उघडी ठेवली तर ती भरायला अनेक आठवडे, कधी दोन महिन्यांहून अधिक लागतात. दुर्गम भामरागड ते जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. अशा रुग्णाला ‘रोज ड्रेसिंगला या’ असे सांगणे म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणे. मध्यरेषेवर टाके घालून जखम बंद करावी, तर तिथेच ती उसवते आणि आजार पुन्हा उलटतो. मध्यरेषेच्या बाजूला नेलेले टाके, म्हणजे करिडाकिस किंवा लिंबर्ग फ्लॅप, त्याहून सरस ठरतात, हे तुलनात्मक अभ्यासांतून दिसले आहे. आजार मर्यादित असेल तर बॅस्कॉम यांच्या पद्धतीने फक्त छिद्रे काढणेही पुरते.

यावर पहिला आक्षेप असा की, उघडी जखम ठेवायला विशेष कौशल्य लागत नाही, फ्लॅपला लागते. खरे आहे. पण लहान छिद्रे काढायला मोठे कौशल्य लागत नाही, आणि फ्लॅप शिकता येतो. रुग्णाचे अंतर मात्र कमी करता येत नाही. जिथे उघडी जखम अटळच असेल, तिथे पट्टी बांधण्याची सोय गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आधी ठरवून मगच रुग्णाला टेबलावर घ्यावे. दुसरा आक्षेप: मलेरिया आणि सिकलसेलच्या मुलखात या आजाराला एवढे महत्त्व का? शिवाय ओपीडीत असे रुग्ण दिसतात तरी किती? इथे गडचिरोलीनेच जगाला दिलेला धडा आठवावा. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी इथल्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. झाकल्या अंगाचे दुखणे दवाखान्यापर्यंत येत नाही, म्हणून ओपीडीतला आकडा पुरावा ठरत नाही. मलेरियाचे काम थांबवा, असे कुणीच म्हणत नाही. इथे लागतो तो वेगळा निधी नव्हे, वेगळा निर्णय.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. गळू आले की ते मध्यरेषा टाळून फोडावे. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर रुग्णाला वारंवार परत पाठवू नये. शस्त्रक्रियेनंतर तिथले केस काढत राहायला घरच्या माणसाला शिकवावे. आणि केसपेपरवर शस्त्रक्रियेचे नाव लिहिण्याआधी ड्रेसिंगचे ठिकाण आणि त्याचे घरापासूनचे अंतर लिहावे. तो रकाना कोरा राहत असेल, तर निवडलेली शस्त्रक्रिया त्या रुग्णासाठी चुकीची आहे, असे समजावे.