जगली खरी, पण वंशाचे काय?

कारखान्याचे सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी आपल्या देशात जे सर्वसाधारण निकष आहेत, ते पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये दिलेले आहेत. शिसे, पारा, फिनॉल, तेल अशा लांबलचक यादीत एक जिवंत अटही आहे. निव्वळ सांडपाण्यात, चांगले पाणी अजिबात न मिसळता, मासे सोडायचे आणि ९६ तासांनी मोजायचे. शंभरातले नव्वद जिवंत असले की पाणी उत्तीर्ण.

अट वाईट नाही. रासायनिक विश्लेषणाला जे विष सापडत नाही ते कधीकधी माशाला सापडते. पण चार दिवसांत मासा मेला नाही, एवढेच ती सांगते. त्या माशाला पुढे पिल्ले होतील का, आणि ती पिल्ले जे सूक्ष्म जीव खाऊन वाढतात ते त्या पाण्यात टिकतील का, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचे. ते विचारायला वेगळा प्राणी लागतो, जास्त दिवस लागतात, आणि प्रेतांऐवजी बाळे मोजावी लागतात.

तो प्राणी म्हणजे डॅफ्निया मॅग्ना. मराठीत पाणपिसू म्हणतात, पण पिसवेशी तिचे नाते नाही. ती खेकडा-कोळंबीच्या गणगोतातली. जेमतेम पाच मिलिमीटर लांब, आणि अंग इतके पारदर्शक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धडधडते हृदय, आतड्यातले हिरवे शेवाळ आणि पाठीवरच्या पिशवीतली अंडी, सगळे एका नजरेत दिसते. पाण्यातले शेवाळ गाळून खाणे हा तिचा उद्योग आणि लहान माशांच्या तोंडी जाणे ही तिची नियती. तळ्याच्या अन्नसाखळीत ती अशी मधोमध बसलेली आहे, म्हणूनच तिच्या तब्येतीला एवढे महत्त्व.

प्रयोगशाळेला मात्र ती आवडते ते वेगळ्याच कारणासाठी. दिवस बरे असतील तोवर तिला नर लागत नाही. मादी नराशिवाय अंडी घालते, त्यातून मुलीच जन्मतात आणि त्या आईच्या हुबेहूब जनुकीय प्रती असतात. वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात आठवड्याभरात ती वयात येते आणि मग साधारण दर तीन दिवसांनी कात टाकताना एकेक वेत सोडते. गर्दी झाली, अन्न आटले, दिवस लहान झाले, की मग मुलगे जन्माला येतात, मीलन होते आणि खोगिराच्या आकाराच्या गडद कवचात जपलेली, सुप्त राहणारी अंडी तयार होतात. ती तळाच्या गाळात वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. स्वीडनचे सरोवरशास्त्रज्ञ आयनार नाउमान यांनी १९३० च्या दशकातच तिला चाचणीचा प्राणी म्हणून पुढे आणले, आणि १९४४ मध्ये अमेरिकेत बर्टिल अँडरसन यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यातली अनेक द्रव्ये तिच्यावर तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती सगळी कामे मुख्यतः ‘किती प्रमाणात निपचित पडते’ याची होती.

प्रश्न बदलला तो मिनेसोटातल्या डुलुथ गावी, लेक सुपीरियरच्या काठच्या सरकारी प्रयोगशाळेत. तिथे बीसिंगर आणि क्रिस्टेनसेन या दोघांनी त्याच सरोवराचे पाणी घेऊन त्यात वेगवेगळे धातू मिसळले आणि पाणपिसवांना तीन आठवडे त्यात ठेवले. १९७२ मध्ये आलेला त्यांचा निबंध आजही उद्धृत होतो. त्यातला कॅडमियमचा हिशेब पाहावा. दोन दिवसांत निम्म्या पिसवा मारायला लिटरमागे ६५ मायक्रोग्रॅम कॅडमियम लागले. तीन आठवडे धीर धरला तर निम्म्या मारायला ५ मायक्रोग्रॅम पुरले. आणि आया जिवंत असून पिल्लांची संख्या १६ टक्क्यांनी घटायला? ०.१७ मायक्रोग्रॅम. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ ३८० पटींचा फरक आहे. म्हणजे ४८ तासांच्या चाचणीत निर्धोक वाटलेले पाणी, दहा-वीस पटींनी पातळ केले तरी, पिल्लांची संख्या घटवायला पुरेसे होते.

असे का होते? विषाशी झगडायला शक्ती लागते आणि ती कुठून तरी काढावी लागते. काही रसायने भूकच मारतात. शेवाळ कमी गाळले की अंड्यांत भरायचे पोषण कमी. काही धातू शरीरात साचत जातात. काही द्रव्ये थेट हार्मोनच्या कारभारात ढवळाढवळ करतात. रीती वेगळ्या, पण शेवटी खर्च बहुधा पाठीवरच्या पिशवीतून वजा होतो, कारण स्वतःला जगवणे हा प्राण्याचा पहिला खर्च आणि पिल्ले हा नंतरचा.

कल्पना पटली, आणि १९८४ मध्ये ओईसीडी या औद्योगिक देशांच्या संघटनेने पुनरुत्पादनाची चाचणी आपल्या मार्गदर्शिकांत घेतली. मग मात्र फजितीचा काळ आला. १९८० च्या दशकाच्या मध्यास युरोपात एकच रसायन अनेक प्रयोगशाळांना देऊन निकाल ताडून पाहिले गेले. एकच प्रश्नपत्रिका, पण प्रत्येक शाळेत वेगळे गुण, असा तो प्रकार. काही ठिकाणी तर स्वच्छ पाण्यातल्या पिसवांनाच धड पिल्ले होत नव्हती. ज्या तुलनेवर सगळे उभे, तीच आजारी.

या फजितीचा शोध हा या विषयातला सर्वांत रंजक भाग, आणि पाठ्यपुस्तके तो दोन ओळींत उरकतात.

पहिला संशय पाण्यावर गेला. अतिशुद्ध पाण्यात मोजून क्षार घालून केलेल्या ‘प्रमाणित’ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पिसवांच्या पोहायच्या शृंगिका झडू लागत. जर्मनीत एलेंट यांनी दाखवून दिले की पाणी फार शुद्ध होते, हीच अडचण होती. त्यात सेलेनियम नव्हते. नैसर्गिक पाण्यात ते अतिसूक्ष्म प्रमाणात असते, आणि तेवढे मिळाले की शृंगिका शाबूत राहतात. मग सेलेनियमसह अनेक सूक्ष्म मूलद्रव्ये घातलेले एम-४ आणि एम-७ हे दोन द्राव तयार झाले आणि आजही तेच वापरतात. त्यातही मेख आहेच. या द्रावांत ईडीटीए असते आणि ते धातूंना धरून ठेवते. तांबे किंवा कॅडमियम तपासायला हा द्राव घेतला तर विषाचे दात आधीच काढलेले असतात. म्हणून धातूंसाठी तो टाळावा, असे मार्गदर्शिकाच सांगते.

दुसरा संशय जेवणावर. कोणी यीस्ट देई, कोणी ट्राउट माशांच्या खाद्याचा अर्क. अन्न कमी पडले तर पिल्ले कमी. अन्न जास्त झाले तर रसायन त्या अन्नालाच चिकटून पाण्यातून नाहीसे होते. डुलुथच्या निबंधात याचाही पुरावा पडून होता. तांब्याची ४८ तासांची मारक मात्रा उपाशी पिसवांना लिटरमागे ९.८ मायक्रोग्रॅम होती, आणि अन्न दिल्यावर ती ६० झाली. आता क्लोरेल्लासारखे एकपेशी हिरवे शेवाळ देतात आणि ते पेशी मोजून नव्हे तर कार्बन मोजून: एका पिसवेला दिवसाला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम.

तिसरा संशय खुद्द पिसवांच्या घराण्यावर. प्रत्येक प्रयोगशाळेचा क्लोन वेगळा. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डोनाल्ड बेअर्ड, पीटर कॅलो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे क्लोन शेजारी शेजारी ठेवून तपासले. कॅडमियम सोसण्याची ताकद घराण्यागणिक प्रचंड बदलत होती. डायक्लोरोअॅनिलीन या दुसऱ्या रसायनापुढे मात्र सगळी घराणी जवळपास सारखीच. तेव्हा ‘डॅफ्निया मॅग्नाला इतके चालते’ या वाक्यात कुठली डॅफ्निया, हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

या सगळ्या दुरुस्त्यांमधून १९९८ मध्ये मार्गदर्शिका क्रमांक २११ आली आणि २०१२ पर्यंत तिच्यात सुधारणा होत राहिल्या. वाचायला ती रुक्ष आहे, पण प्रत्येक कलमामागे कुणाचा तरी फसलेला प्रयोग उभा आहे. चोवीस तासांच्या आतली पिल्ले घ्यायची, पण आईच्या पहिल्या वेताची नकोत. प्रत्येक पिसू स्वतंत्र चंचुपात्रात, ५० ते १०० मिलिलिटर द्रावात. स्वच्छ पाण्यात दहा आणि रसायनाच्या चढत्या पाच मात्रांत प्रत्येकी दहा, अशी साठ पात्रे. सोळा तास उजेड. आठवड्यातून तीनदा द्राव बदलायचा, म्हणजे आईला अलगद उचलून नव्या पात्रात. पिल्ले शक्यतो रोज मोजून बाजूला काढायची. रविवार असला तरी. आणि एकवीस दिवसांनी स्वच्छ पाण्यातल्या प्रत्येक जिवंत आईमागे सरासरी किमान ६० जिवंत पिल्ले झाली नसतील, किंवा तिथल्या २० टक्क्यांहून जास्त आया दगावल्या असतील, तर चाचणी रद्द. रसायनाने काय केले हे बोलण्याचा अधिकारच प्रयोगशाळेला उरत नाही.

मोजणीतही खाचाखोचा आहेत. जगलेल्या आयांचीच पिल्ले मोजली तर काय होईल? रसायनाने अशक्त आयांना आधीच संपवले असेल तर उरलेल्या दणकट आयांची सरासरी छान दिसेल. म्हणून सुधारित मार्गदर्शिका चाचणीला बसलेल्या आयांच्या संख्येवरूनही हिशेब मागते. पिपेटखाली चुकून चिरडलेली तेवढी वगळायची.

आकडेशास्त्रातला गोंधळ याहून मोठा. ज्या सर्वोच्च मात्रेत स्वच्छ पाण्याच्या तुलनेत ‘लक्षणीय’ फरक आढळला नाही, तिला निष्परिणाम मात्रा म्हणायची, अशी जुनी पद्धत. ऐकायला रास्त वाटते. पण प्रयोग जितका ढिसाळ, आकडे जितके विखुरलेले, तितका फरक लक्षणीय ठरणे अवघड. म्हणजे निष्परिणाम मात्रा तितकी वर. कामचुकार प्रयोगशाळेचे रसायन अधिक सुरक्षित ठरते! १९९६ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे भरलेल्या ओईसीडीच्या कार्यशाळेने ही पद्धत हळूहळू मोडीत काढावी, ठरावीक टक्के घट होणारी मात्रा आलेखावरून काढावी, असे सुचवले. तरी जुना आकडा कागदपत्रांतून हटलेला नाही. सवय मोडणे नियामकांनाही जड जाते.

मग हा आकडा पुढे कुठे जातो? युरोपीय संघाच्या रीच कायद्याखाली रसायनाचे उत्पादन किंवा आयात वर्षाला एक टनापासून पुढे असेल तर पिसवेची तात्कालिक, म्हणजे दोन दिवसांची, चाचणी लागते. शंभर टनांपासून पुनरुत्पादनाची. पाण्यातली सुरक्षित पातळी ठरवताना हाती फक्त तात्कालिक आकडे असतील तर त्यातल्या सर्वांत कमी आकड्याला १००० ने भागतात. शेवाळ, पिसू आणि मासा या तिन्ही पायऱ्यांवरचे दीर्घकालीन आकडे असतील तर फक्त १० ने. अज्ञानाची ही किंमत कंपन्यांना नेमकी कळते, म्हणून महागडी लांब चाचणी त्या स्वतःहूनही करून घेतात. त्यातल्या काही भारतातही होतात. ३ मार्च २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृती व्यवस्थेचा पूर्ण सदस्य आहे. इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने नियमांनुसार मोजलेली पिल्ले बर्लिनमध्येही ग्राह्य धरली जातात. ज्या देशात सांडपाण्याला चार दिवसांचा मासा पुरतो, तिथे परदेशी अर्जांसाठी एकवीस दिवसांचे काम चोख होते, हे नोंदवून ठेवायला हवे.

पिल्लांच्या संख्येनेही कधी चकवा दिला. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्थेत तातारझाको आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की पायरिप्रॉक्सिफेनसारखी, कीटकांच्या बालहार्मोनची नक्कल करणारी द्रव्ये अत्यल्प मात्रेत दिली की पाणपिसवा भरल्या तळ्यात, सुगीच्या दिवसांतही, मुलगेच प्रसवू लागतात. पिल्ले होत राहतात, पण मादीवरच चालणारी वाढ थांबते. त्यानंतर मार्गदर्शिकेला पिल्लांचे लिंग ओळखण्याची पुरवणी जोडली गेली: नराच्या पहिल्या शृंगिका लांब असतात, एवढी खूण पुरते. हेच पायरिप्रॉक्सिफेन डासांच्या अळ्यांविरुद्ध पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत वापरता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. माणसाला ते चालते का, हा इथला मुद्दा नाही. पिंपातले पाणी शेवटी गटारात आणि गटार ओढ्यात जाते, एवढेच.

पिसवेवरचे अवलंबन कमी व्हावे म्हणून इतर प्राणीही पुढे आले आहेत. अमेरिकेत सांडपाण्यासाठी सेरिओडॅफ्निया ही तिची छोटी बहीण वापरतात. तीन वेते, सात-आठ दिवस. २०१६ मध्ये ओईसीडीने गोगलगायींच्या दोन चाचण्या मान्य केल्या: न्यूझीलंडची इवलीशी पोटॅमोपिर्गस, जिच्या पोटातले भ्रूण २८ दिवसांनी मोजतात, आणि तळ्यातली लिम्निया, जिचे चिकट अंडीपुंज मोजतात. जहाजांच्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिनने समुद्री शंखांच्या माद्यांवर नराचे अवयव उगवले, तेव्हा मृदुकाय प्राण्यांकडे कुणाचेच लक्ष नव्हते. जहाजांवरची त्याची आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली.

सह्याद्रीच्या सड्यांवरच्या डबक्यांत मात्र यातले काहीच जुळत नाही. मार्गदर्शिकेतल्या पिसवेला १८ ते २२ अंशांचे, लिटरमागे १४० मिलिग्रॅमहून जास्त कठीणपणाचे पाणी लागते. जांभ्यावर साचलेले पावसाचे पाणी मऊ, दुपारी तापणारे आणि काही आठवड्यांत आटणारे. आपल्या उथळ पाण्यात मोइना आणि तिच्यासारख्या छोट्या, घाईत वाढणाऱ्या जाती असतात. डॅफ्नियाच्या इतर जाती वापरायला मार्गदर्शिका आडकाठी करत नाही. वैधतेच्या अटी पाळा आणि कारण द्या, एवढेच म्हणते. पण साठ पिल्लांची अट मॅग्नाच्या मापाने शिवलेली आहे. मोइनासाठी ती किती असावी, हे ठरवायला मोइनाच्याच काही पिढ्या, आपल्याच पाण्यात, आपल्याच तापमानात, रविवारी सुट्टी न घेता कुणीतरी मोजायला हव्यात.