मुलांच्या लघवीच्या तक्रारी : लाज नको, लक्ष हवे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी मुलांच्या अभ्यासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची इच्छा होती. मी सुचविलेला विषय ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. विषय आहे, मुलांच्या लघवीच्या तक्रारी. मी डॉक्टर नव्हे. वीस वर्षे फळ्यापुढे उभी राहिलेली एक शिक्षिका आहे. परंतु या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितली तर दुसऱ्या कोणाच्या मुलाला उपयोग होईल, म्हणून हे धाडस करीत आहे.

तिसरीच्या वर्गात गणिताचा तास चालला होता. एका मुलीने करंगळी वर केली. सकाळपासूनची ती तिसरी वेळ. “बाई, एकीला जाऊ?” मी म्हटले, “घंटा होऊ दे.” थोड्या वेळाने बाकाखाली ओघळ आला आणि सारा वर्ग हसला. पुढे चार दिवस ती शाळेत आली नाही. मी घरी गेले, तेव्हा पोर तापाने फणफणली होती. आई म्हणाली, “बाई, वर्षातला हा तिसरा ताप. औषध दिले की उतरतो.” या खेपेस मात्र डॉक्टरांनी लघवी तपासली आणि जंतुसंसर्ग निघाला. पुढच्या तपासण्यांत कळले, की तिची लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढते आणि एका मूत्रपिंडावर कायमचा व्रण पडला आहे.

माझ्या नकाराने तिला रोग जडला नाही. तो आधीपासून होता. पण तिची करंगळी मला एक बातमी देत होती, आणि मी ती खोडी समजले. आईनेही ताप पाहिला, लघवी पाहिली नाही. दोघींची चूक एकच.

आता चांगले काय नि वाईट काय, हे ओळखावे कसे? शाळेच्या वयाचे मूल दिवसातून साधारण ४ ते ७ वेळा लघवीला जाते. मुलाच्या मूत्राशयात किती मावते, याचा सोपा हिशेब आहे. वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा; तितके मिलिलिटर. सात वर्षांच्या मुलाचे २४०, म्हणजे एक पेलाभर. आपल्या कित्येक मुली मात्र सकाळी घरून निघतात त्या संध्याकाळी घरी आल्यावरच जातात. शाळेच्या मोरीला कडी नसते, पाणी नसते. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. पाय आवळून उभे राहणारे, टाचेवर दाबून बसणारे, घरी येताच दप्तर टाकून धावणारे मूल दिसले, तर ते लघवी रोखून धरते आहे असे समजावे. त्याला दर दोन-तीन तासांनी जायची सवय लावावी. बद्धकोष्ठही पाहावे. शौच साचले की ते मूत्राशयावर दाबते आणि लघवी पुरती होत नाही. भाकरी, पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी हे त्यावरचे घरचे औषध.

लघवीला जळजळ झाली, की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धन्या-जिऱ्याचे पाणी देतो. पाणी जरूर द्यावे. पण त्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. तान्ह्या मुलाला तर जळजळ सांगता येत नाही. ते नुसते तापते, ओकते, दूध सोडते. ताप आहे, पण सर्दी, खोकला, जुलाब काही नाही, अशा वेळी “लघवी तपासायची का?” हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसापूर्वी द्यावा. जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच धरावी. घरातली औषधाची रिकामी बाटली चालत नाही. ताप उतरला तरी औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरे करावे. मुलींना शौचानंतर पुढून मागे धुण्यास शिकवावे.

दुसरी गोष्ट अंथरूण ओले करण्याची. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. त्यांतली बरीच वयाबरोबर आपोआप सुधारतात. पुष्कळदा आई किंवा वडीलही लहानपणी तसेच असतात. तेव्हा मारण्यापूर्वी आजीला विचारावे! मूल हे मुद्दाम करीत नाही. ते झोपेत असते. चटका देणे, ओली चादर चारचौघांत वाळत घालून हिणवणे, हे क्रौर्य आहे. पाणी सकाळी-दुपारी पोटभर द्यावे, सायंकाळनंतर बेताने. रात्री चहा नको. निजण्यापूर्वी लघवीला न्यावे. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांकडे ओलाव्याने वाजणारी घंटा आणि औषधे असे दोन्ही उपाय आहेत. मात्र सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर कारण शोधलेच पाहिजे. त्यातही त्याला फार तहान लागत असेल व ते वाळत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासावी.

आता मुलांविषयी. तान्ह्या मुलाच्या शिश्नाची पुढची कातडी चिकटलेली असते. ती मालिश करताना ओढून मागे सारू नये. वृषण सहा महिन्यांपर्यंत खाली उतरले नाही, तर शस्त्रवैद्याला दाखवावे. शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी. धार बारीक असेल, थेंबथेंब गळत असेल, तर वाट पाहू नये. वृषणात एकाएकी तीव्र कळ आली, तर ती रात्र काढू नये. पीळ पडला असल्यास पहिल्या सहा तासांतच ते वाचण्याची आशा अधिक असते. मुलगे ही कळ लाजेने लपवतात. वडिलांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे.

माझ्या समाजातील भगिनींना एक खास विनंती. काही मुलांच्या लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असते. असे दिसले, तर सुन्नत करू नये. आधी बालशस्त्रवैद्याला दाखवावे. दुरुस्तीसाठी तीच कातडी कामी येते. ती एकदा कापली की मग शस्त्रक्रिया अवघड होते. सुन्नत थोडी लांबली म्हणून धर्म बुडत नाही. मूल बरे करून घेणे हेही पुण्याचेच काम आहे.

ती मुलगी आज आठवीत आहे. दर वर्षी तिची लघवी आणि रक्तदाब तपासतात. प्रकृती ठीक आहे. माझ्या वर्गात त्या दिवसापासून एकच नियम आहे: करंगळी वर झाली की परवानगी. वारंवार होऊ लागली, तर आईला निरोप. खोडकर मुले याचा थोडा फायदा घेतात, घेऊ देत.

विश्वस्तांपाशी शेवटी एकच मागणे. महोत्सवाची कोनशिला बसेल तेव्हा बसो. त्याआधी आपल्या शाळेतील मुलींच्या मोरीला आतून कडी बसवा आणि नळाला पाणी आणा. खर्च थोडा आहे. पन्नास वर्षांच्या सेवेला शोभेल असेच ते काम होईल.