मिग-२१ आणि तीन सह्या

(६ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या सोसायटीच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आपलं खामगाव म्हणजे रजतनगरी, आणि या रजतनगरीत आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव. योग चांगला आहे. सचिवसाहेब मला म्हणाले, "काका, पंधरा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या." बँकवाला बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता व्याजदर सुरू होणार. घाबरू नका. मी आज विमानाबद्दल बोलणार आहे.

दहा दिवसांपूर्वी, २६ सप्टेंबरला, चंडीगडला मिग-२१ हे लढाऊ विमान वायुसेनेतून निवृत्त झालं. १९६३ साली त्याची पहिली तुकडी त्याच चंडीगडला उभी राहिली होती. म्हणजे बासष्ट वर्षं नोकरी! आम्हाला बँकेने साठाव्या वर्षी हार-नारळ देऊन घरी पाठवलं. हवाईदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी निरोपाच्या उड्डाणात स्वतः मिग चालवलं, विमानांना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी दिली. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फिरण्यात आपल्या मंडळींत वाद झाला. अर्धे म्हणाले, "उडती शवपेटी गेली एकदाची." अर्धे म्हणाले, "आणि एकाहत्तर विसरले का?" या सगळ्यात बी-विंगमधले आपले सार्जंट काका मात्र एक शब्द बोलले नाहीत. ते १९७२ साली वायुसेनेत भरती झाले आणि वीस वर्षं त्यांनी मिगच्या इंजिनावर फिटर म्हणून काम केलं. मी ओळीने तीन संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, "नाव छापू नका, बाकी खुशाल सांगा." म्हणून सांगतो.

आधी यंत्राची गोष्ट. मिग-२१ला इंजिन एकच. आपली एसटी राजूर घाटात बंद पडली तर आपण खाली उतरतो, ड्रायव्हर बॉनेट उघडतो, दुसरी गाडी येते. आकाशात रस्त्याच्या कडेला उभं राहता येत नाही. त्यातून मिगचे पंख लहान आणि त्रिकोणी. ते वेगासाठी केलेले, आवाजाच्या दुप्पट वेगासाठी. घारीसारखं तरंगत खाली येणं त्याला जमत नाही. इंजिन गेलं की विमान दगडासारखं खाली येतं. आणि इंजिन ठीक असलं तरी ते धावपट्टीवर टेकतं ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास.

त्याच काळात आपल्याकडे 'मरुत' नावाचं भारतात बनवलेलं लढाऊ विमान होतं. त्याचं इंजिन कमी ताकदीचं, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली. पण इंजिनं दोन होती. १९७१ च्या युद्धात एका इंजिनाला गोळा लागूनही मरुत दुसऱ्या इंजिनावर परत आल्याच्या नोंदी आहेत. मिगला ती सोय नव्हती.

असं असूनही याच मिगने १४ डिसेंबर १९७१ला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली, आणि त्याच दिवशी तिथल्या गव्हर्नरने राजीनामा दिला. सहाशेहून जास्त मिग-२१ आपल्या देशात तयार झाली. सांगाडा आपल्या नाशिकजवळच्या ओझरला आणि इंजिन ओडिशात कोरापूटला. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी पुढे हवाईदलप्रमुख झाले, त्यांनीही मिग-२१ चालवलेलं आहे. तेव्हा हे रशियाचं विमान असलं तरी परकं नाही. त्याच्यात मराठी हातांचे बोल्ट आहेत.

आता वैमानिकाची आठवण. नाशिक जिल्ह्यात माझी बदली होती तेव्हा एक निवृत्त विंग कमांडर आमच्या शाखेत पेन्शनसाठी येत. एकदा त्यांनी सांगितलं, "लोकांना वाटतं इंजिन बिघडलं की मोठा आवाज होतो. तसं नाही. इंजिन विझलं की शांतता होते. आपल्याच श्वासाचा आवाज मास्कमध्ये ऐकू येतो." त्यांच्या बाबतीत ते एकदा झालं. नाक खाली घातलं, कारण वेग राहिला तरच इंजिनात हवा जाणार. मिगमध्ये हवेतच इंजिन पुन्हा पेटवण्यासाठी प्राणवायूची वेगळी सोय असते. पहिल्यांदा पेटलं नाही. उंची चालली होती, खाली गावं दिसत होती. दुसऱ्यांदा पेटलं. नाहीतर खुर्चीसकट बाहेर उडी. मी विचारलं, "साहेब, मग दुसऱ्या दिवशी?" म्हणाले, "दुसऱ्या दिवशी उडालो. त्याच विमानाने. फिटरने सही केली होती ना!"

हे 'सही' म्हणजे काय, ते सार्जंट काकांकडे गेल्यावर कळलं. प्रत्येक विमानाचं एक पुस्तक असतं, त्याला फॉर्म ७०० म्हणतात. विमानाची तपासणी ज्याने केली तो त्यात सही करतो. मग वैमानिक ते वाचतो आणि स्वतः सही करून विमान ताब्यात घेतो. काका म्हणाले, "पहाटे आम्ही सगळे रांगेत चालायचो आणि टारमॅकवरचे खडे वेचायचो. एक खडा आत ओढला गेला तरी इंजिनाची पाती जातात. काम संपलं की स्पॅनर मोजायचे. एक जरी कमी भरला तर विमान उडणार नाही, मग रात्रभर शोधा. तेलात लोखंडाचा कण दिसला तर इंजिन खाली." वैमानिकाला खुर्चीत पट्टे बांधून द्यायचे, खुर्चीच्या सुरक्षेच्या पिना काढायच्या आणि त्याला दाखवायच्या. मग विमान जाणार. "आणि मग?" मी विचारलं. "मग मोजायचं. गेली किती, आली किती. चार गेली अन् तीन आली की कोणी काही बोलत नसे. पहिलं काम, त्या विमानाचं फॉर्म ७०० कुलपात. सगळ्यांच्या मनात एकच, खाली सही कोणाची होती?"

मंडळी, सही हा माझाही विषय आहे. छत्तीस वर्षं मी सह्या केल्या आणि तपासल्या. एका शाखेत, नाव सांगत नाही, तिजोरीचं कुलूप जुनं होतं. कधी लागायचं, कधी अर्धवट राहायचं. तीन वर्षं वरच्या कार्यालयाला पत्रं गेली. उत्तर एकच, "प्रस्ताव विचाराधीन आहे." एक दिवस रोकड कमी भरली. मेमो कोणाला? कॅशियरला, कारण रोजच्या रजिस्टरवर शेवटची सही त्याची. 'विचाराधीन' लिहिणाऱ्याची सही त्या रजिस्टरवर नव्हतीच.

मिगचंही तसंच आहे. फॉर्म ७०० वर दोन सह्या, फिटरची आणि वैमानिकाची. तिसरी सही दिल्लीतल्या फायलीवर असते, नवं विमान घ्यायचं की नाही याची. ती कधी झाली ते पाहा.

१९८२ साली एअर मार्शल ला फॉन्टेन यांच्या समितीने अपघातांचा अभ्यास करून सांगितलं की नवख्या वैमानिकांना सावकाश विमानावरून एकदम मिगवर बसवू नका, मध्ये एक प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. ते 'हॉक' विमान बिदरला वायुसेनेत दाखल झालं फेब्रुवारी २००८मध्ये. सव्वीस वर्षं! तोवर पोरं किरण विमानावरून निघून पुढे तेजपूरला थेट मिगवर शिकत होती. मिगच्या जागी घ्यायच्या स्वदेशी हलक्या विमानाला, म्हणजे आजच्या तेजसला, मंजुरी मिळाली १९८३ साली. त्याची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली २०१६ साली. मधल्या काळात सोव्हिएत संघच राहिला नाही, सुट्या भागांची ओढाताण झाली. आणि मिग उडत राहिलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

२०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले. मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. यात मिग-२१ शिवाय इतर मिगही आले. कारणं दोन सांगितली, मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. सगळे अपघात इंजिनाचे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पक्षी आदळतात, हवा बिघडते, माणूसही चुकतो. पण ज्याला जुनं यंत्र आणि अपुरं शिक्षण दिलं, तो चुकला तर ती चूक पूर्ण त्याच्या एकट्याच्या नावे टाकायची का? मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही.

हा प्रश्न पुण्याच्या एका आईने विचारला. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगडहून मिग-२१ घेऊन उडाले आणि थोड्याच वेळात विमान कोसळलं. वैमानिकाचा दिशाभ्रम झाला असा ठपका आला. आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ, जे स्वतः वैमानिक, यांनी तो मान्य केला नाही. वर्षानुवर्षं त्या माउलीने पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांतून बोलल्या. पुढे दोघांनी मुलाच्या नावाने पुण्यात विमान-सुरक्षेचं आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं काम उभं केलं. तो आवाज देशभर पोचला. २००३ साली संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस स्वतः अंबाल्याहून मिग-२१मध्ये बसून उडाले, लोकांची भीती जावी म्हणून. त्यांच्या धाडसाला नमस्कार. पण एक उड्डाण नीट झालं म्हणून हिशोब मिटत नाही.

आणि झळ फक्त वैमानिकाला लागते असं नाही. मे २०२३मध्ये सुरतगडहूनच उडालेलं मिग-२१ हनुमानगड जिल्ह्यात एका घरावर पडलं. वैमानिक वाचला. तीन बाया गेल्या. त्यांनी कशावरच सही केली नव्हती.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. पश्चिम जर्मनीने घेतलेल्या स्टारफायटर विमानांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा अपघातांत गेला, शंभराहून जास्त वैमानिक गेले, तिथे त्या विमानाला लोक 'विधवा करणारं' म्हणत.

मी सार्जंट काकांना विचारलं, "तुम्ही काय म्हणता, शवपेटी की रणगाजी?" काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, शवपेटी म्हटलं की वाईट वाटतं. आम्ही शवपेटीवर सह्या केल्या का? त्या पोरांनी शवपेटीत बसून लढाई जिंकली का? विमान चांगलं होतं. त्याला वेळेवर रिटायर करायला पाहिजे होतं. आमचा राग विमानावर नाही."

माझ्या मते सकाळच्या त्या वादाचं उत्तर एवढंच आहे. दोन्ही गट अर्धे अर्धे बरोबर होते. विमानाला सलाम करा, आणि उशिराचा जाबही विचारा. एकामुळे दुसरं कमी होत नाही.

आता हे मी आज इथे का सांगतोय? आपल्या सोसायटीलाही पंचवीस वर्षं झाली. खालच्या पंपरूममधलं इलेक्ट्रिक पॅनेल पहिल्या दिवसापासूनचं आहे. पावसाळ्यात त्याला हात लावायला वायरमन घाबरतो. पॅनेल बदलण्याचा विषय चार वार्षिक सभांत आला आणि चारही वेळा 'पुढील सभेत विचार करू' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. दुरुस्ती निधीत पैसे नाहीत असं नाही. ते कशावर खर्च करायचे यावर आपलं एकमत होत नाही. उद्या काही झालं, तर आपण काय म्हणू? "वॉचमनने ओल्या हाताने स्विच लावला." शेवटचा हात त्याचा, म्हणून चूक त्याची.

माझी सूचना साधी आहे. पंपरूममध्ये एक रजिस्टर ठेवा. मोटर, पॅनेल, टाकी यांची महिन्यातून एकदा तपासणी. तपासणारा सही करेल, वॉचमन सही करेल. आणि तिसरा रकाना ठेवा समितीचा. वायरमनने 'बदलणे आवश्यक' असं लिहिलं, तर त्यासमोर समितीने तारखेसह सही करायची, बदलणार की नाही आणि केव्हा. 'विचाराधीन' हा शब्द त्या रकान्यात चालणार नाही. पहिलं रजिस्टर मी आणून देतो, लाल कापडी बांधणीचं, बँकेत असायचं तसं. आणि पहिल्या तपासणीला सार्जंट काका यायला तयार आहेत. स्पॅनर मोजून घेऊन येतील.