रक्ताच्या कसोटीवर कापड

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील जैवपदार्थांविषयी भरलेल्या या परिषदेत शल्यविशारद, रसायनज्ञ आणि वस्त्रतंत्रज्ञ एकाच मांडवाखाली जमावेत हे वरकरणी नवलाचे वाटले, तरी या विषयाची वाढ सुई, धागा आणि कापड यांच्याच आधाराने झालेली आहे.

जैवपदार्थ म्हणजे शरीरात राहून, ऊतींना किंवा रक्ताला अपाय न करता नेमून दिलेले काम करणारा पदार्थ. वाहिनीला टाके कसे घालावेत हे अलेक्सिस कॅरल यांनी 1902 मध्ये दाखवले आणि त्यासाठी 1912 चे नोबेल पारितोषिक मिळवले. परंतु महाधमनीचा रोगट भागच काढावा लागला तर त्या जागी काय बसवावे, हा प्रश्न दीर्घकाळ तसाच राहिला. प्रयोगातील कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी धाग्यावर चकचकीत अस्तर धरल्याचे न्यूयॉर्कच्या आर्थर व्होरहीस यांना दिसले, आणि सच्छिद्र कापडाच्या नळीलाही तसेच अस्तर येईल या तर्काने त्यांनी सहकाऱ्यांसह व्हिनयॉन-एन या कापडाच्या नळ्या वापरून 1952 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी यांनी घरच्या शिवणयंत्रावर डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाच्या नळ्या शिवल्या.

मात्र ज्या आशेवर हे सारे उभे राहिले, ती माणसाच्या शरीरात पुरती फळली नाही. वाहिनीच्या आतल्या पेशींचे अस्तर माणसात जोडाच्या टाक्यांपासून फार तर एकदोन सेंटिमीटर सरकते, बाकीची नळी उघडीच राहते. महाधमनीत डेक्रॉन टिकते ते मुख्यतः तेथील प्रवाहाच्या जोरामुळे. (कुत्र्याने शिकवलेला धडा माणसाने अर्धाच गिरवला, असे म्हणता येईल.) व्यास 6 मिलिमीटरहून कमी झाला की गुठळी धरते, शिवाय ताठ नळी आणि लवचीक धमनी यांचा मेळ न बसल्याने जोडाशी आतला थर जाड होत जातो. ताणून सच्छिद्र केलेले टेफ्लॉनही ही अडचण पूर्णपणे दूर करू शकले नाही, म्हणून गुडघ्याखालच्या बायपाससाठी रुग्णाच्याच पायाची शीर आजही पहिली निवड ठरते.

विरघळणाऱ्या साच्यावर मानवी पेशी वाढवून, त्या पेशी नंतर धुऊन काढून तयार केलेल्या वाहिनीला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये हातापायांच्या धमन्यांच्या दुखापतींसाठी मान्यता मिळाली. तिचाही व्यास 6 मिलिमीटरच आहे, आणि त्याखालच्या व्यासांसाठीच परिषदेची बहुतेक सत्रे राखून ठेवण्यात आली आहेत.