गाळ आणि वाफसा
(शताब्दी सोहळ्यातील निरूपण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यात चढ किती आले आणि उतार किती, याची वही कुणी ठेवली नाही. पण चालणाऱ्याच्या पायाला ते ठाऊक असतं. दिवे घाटाच्या चढावर दम लागतो, तिथं मागचा पुढच्याला हात देतो, टाळ जोरात वाजतो, नामाचा गजर वाढतो. उतारावर पाय आपोआप पळतात, हात सुटतो आणि ठेच लागते. म्हणून आम्ही सुखालाच उतार म्हणतो. दुःख हा चढ. दोन्ही वाटेतलेच. मुक्काम कुठलाच नव्हे.

आता तुकोबारायांकडं बघा. देहूचं मातब्बर घर, महाजनकी, दुकान, सावकारी. मग १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ आला. दुकान बुडालं. पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला. लोक म्हणतात, दुःख आलं म्हणून तुकोबा संत झाले. आमाला हे पटत नाही. त्या दुष्काळात अख्खा मुलूख होरपळला, सगळे काय संत झाले? नुसत्या दुःखानं माणूस मोठा होत नाही. त्यानं माणूस कडूही होतो.

मग महाराजांनी केलं काय? डोंगरावर एकांतात नामस्मरण केलं हे खरं, पण हात बांधून बसले नाहीत. पूर्वजांचं पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ नीट उभं केलं. आणि कर्जखतं काढली. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. माउली, इथं थांबा. ज्याचं दुकान बुडालं त्यानंच दुसऱ्याची कर्जं सोडली! ज्यानं घरात भूक बघितली, त्याला दुसऱ्याच्या भुकेवर व्याज घेववेना. आम्ही वाढ म्हणतो ती ही. आपल्या दुःखानं दुसऱ्याचं ओझं हलकं झालं का, एवढंच मोजायचं.

आपण शेतकरी, आपल्याला गाळ कळतो. पंचगंगेचा पूर ओसरला की रानात गाळ बसतो. तो तसाच ठेवला तर उन्हानं तापून त्याची ढेकळं होतात, कुदळ लागत नाही. वाफसा बघून नांगर घातला तर तेच रान पुढं जोमानं पीक देतं. दुःख हा गाळ आहे. ओल्यात घाई करू नये, रडू आलं तर रडावं. पण वाफसा आला की नामाचा आणि कामाचा नांगर घालावा. वेळ गेली की ढेकूळ होतं.

२०१९ चा श्रावण आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. उसाच्या पोंग्यात गाळ बसला, ऊस उभ्याउभ्या कुजला. गोठे मोकळे झाले. पुढच्या वर्षी महामारी. पायी वारी बंद झाली, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१ ची आषाढीही घरातच झाली, आणि एकादशीला दोन-तीन दिवस झाले नाहीत तोवर पुन्हा महापूर. दोन वर्षांत दोनदा. लई जणांनी म्हटलं, देव आहे कुठं?

आम्ही तेव्हा गावोगाव एक बघितलं. पहिल्या पुरात ज्यांच्या दारात वरच्या गावची भाकरी आणि वैरण आली होती, तीच माणसं दुसऱ्या पुरात आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. देव कुठं, याचं उत्तर आमाला त्या भाकरीच्या गठळ्यात मिळालं.

आता उताराचंही बोलू. बिल जमा झालं, रान पिकलं, की पहिला नेम सुटतो. हरिपाठाला वेळ नाही, लग्नाला मात्र कर्ज काढून मांडव. मग वाईट दिवस आला की माणूस एकटा पडतो, कारण हात आधीच सुटलेला असतो. नेम धरायचा तो चांगल्या दिवसांत. गळ्यातली माळ पूर आल्यावर शोधायची वस्तू नव्हे.

शेवटी एक मागणं. दर एकादशीला भजन सुरू होण्याआधी देवळातल्या खुंटीकडं बघा. कुणाचा टाळ तसाच लटकतोय? दोन एकादश्या लटकला तर त्याच्या घरी जा. कर्जानं, पिकानं, घरातल्या दुःखानं माणूस आधी गप्प होतो, मग नको ते मनात आणतो. उपदेश करू नका. चहा घ्या, शेजारी बसा, त्याच्या रानात एक दिवस राबा, आणि येताना त्याला संगं घेऊन या. त्याचा टाळ त्याच्या हातात द्या.

दिंडीत कुणी मागं राहिलं तर आपण थांबतो. गावातही तसंच थांबू या. शंभर वर्षं दिंडी चालली ती अशीच. पुढची शंभरही अशीच चालेल.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!